उचलायचं नाही

माझ्या धाकट्या भावाला कोणी उचललेलं चालायचं नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं आपोआप कळेल. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. उंचीनं माझ्या गुडघ्याच्या थोडा वर आला आणि तिथं जो थांबला तो कायमचा. हातपाय, डोकं, बोटं सगळं प्रमाणात, फक्त छोटं. डॉक्टर म्हणायचे, डोक्यातल्या कुठल्याशा ग्रंथीनं काम करायचं सोडलंय. त्यावर औषध आहे का म्हणून विचारलं की ते मान हलवायचे आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचे.

लोकांचे मात्र त्याला बघितलं की हात शिवशिवायचे. लग्नात, जत्रेत, एसटी स्टँडवर, ओळख ना पाळख, काखेत हात घालून सरळ उचलायचे आणि वजन किती असेल याचा अंदाज करायचे. तो विशीचा झाला, पंचविशीला आला, तरी तेच. उचललं की तो लाकडासारखा ताठ व्हायचा. ओरडायचा नाही, लाथा झाडायचा नाही. डोळे मिटून घ्यायचा आणि खाली ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या दिवशी मग तो घरी जेवत नसे. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की काय सांगू. एकदा भर मांडवात नवऱ्या मुलाच्या मामानं त्याला उचलून नाचायला सुरुवात केली, तेव्हा मी त्या मामाला विचारलं होतं की तुमच्या वडिलांना असं कोणी काखोटीला मारलं तर चालेल का तुम्हाला. लग्नघरात तोंड चालवलं म्हणून बोलणी मलाच बसली. मामा आपला पुढच्या पंगतीला बसून जिलेबी खात होता.

आमच्या आईनं मात्र आशा सोडली नव्हती. दर दसऱ्याला ती त्याला देवघराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायची आणि मागे पेन्सिलीनं रेघ ओढायची. "ताठ हो. अजून ताठ. मान वर कर," असं तिचं चाललेलं असायचं, आणि तो बिचारा छाती भरून, टाचा जुळवून, श्वास कोंडून उभा राहायचा. रेघ जुन्या रेघेवरच पडायची. आई म्हणायची, यंदा जरा वर आहे हां. तोही म्हणायचा, हो आहे. मला दोघांचाही राग यायचा आणि त्याहून जास्त दया यायची. तो तिशीजवळ आला तरी हा प्रकार चालू होता. आई गेली त्या वर्षी दसऱ्याला मी माहेरी होते, तेव्हा तो आपणहून चौकटीशी जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, रेघ ओढ. मी ओढली.

त्याचं नाव रेकॉर्डच्या पुस्तकात गेलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्याला. तालुक्याच्या डॉक्टरनं खटपट केली, जिल्ह्याच्या इस्पितळात मापं घेतली, कागद परदेशात गेले आणि एके दिवशी कळलं की जिवंत माणसांत जगात सगळ्यात बुटका आमचा हा. गावात फटाके वाजले. पेपरवाले आले. शाळेच्या पटांगणावर सत्कार झाला, शाल-श्रीफळ दिलं आणि मागच्या लोकांना दिसावा म्हणून त्याला टेबलावर उचलून ठेवलं. जगात पहिला आला म्हणून सत्कार, आणि सत्कारातसुद्धा उचललंच. मी तेव्हा मस्कतला होते. वडिलांनी फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, तेव्हा मी विचारलं की तो जेवला का. वडील म्हणाले, नाही, दमला असेल.

लग्न होऊन मी ओमानला आले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आमचे हे रुसैलच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. घर मवालेहच्या बाजूला, भाजीपाल्याच्या मोठ्या बाजारापासून जवळ. त्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ओमानी माणसाचं मोठं दुकान होतं. खेळणी, भांडी, सतरंज्या, बॅगा, सगळं तिथं मिळायचं. यांच्या कारखान्यातून त्याच्याकडे माल जायचा म्हणून ओळख. सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. हिंदी बरं बोलायचा. यांनी कधीतरी चहा पिताना मेव्हण्याचा विषय काढला आणि पेपरमधला फोटो दाखवला. अर्बाब फोटोकडे बघतच राहिला. आठवडाभरानं तो म्हणाला, बोलाव त्याला, मी व्हिसा काढतो. दुकानात बसेल, हिवाळ्यातल्या मेळ्यात माझ्या तंबूत बसेल, लोक येतील, बघतील, माल घेतील.

मला हे पटलं नव्हतं. दुकानात बसवायला तो काय मांडून ठेवायची बाहुली आहे? पण गावाकडे तरी तो काय करत होता? पडवीत बसून रेडिओ ऐकायचा आणि येणारे-जाणारे त्याला उचलायचे. फोनवर मी त्याला सगळं नीट सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येईन मी. पण तिथं मला कोणी उचलायचं नाही. फोटोसाठी नाही, कशासाठीच नाही. अर्बाबला आधी विचार."

यांनी अर्बाबला विचारलं. अर्बाब हसेल असं आम्हाला वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, बरोबर आहे, मोठा माणूस आहे, जगात पहिला आहे, त्याला कोण हात लावणार.

आणि त्यानं शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. दुकानाच्या दर्शनी भागात एक बुटका चौथरा बांधून घेतला, त्यावर मखमलीची खुर्ची, आणि चौथऱ्याभोवती बँकेत असते तशी लाल जाड दोरी. दोरीपाशी एक रखवालदार उभा. कोणी दोरीवरून वाकलं, हात पुढे केला, की रखवालदार म्हणायचा, "माफी शील." म्हणजे उचलायचं नाही. तिथली मोडकीतोडकी बाजारी अरबी ती. मल्याळी, पाकिस्तानी, ओमानी सगळ्यांना कळायची. पहिल्या दिवशी एका बाईनं आपल्या पोराला त्याच्या शेजारी उभं करून भावाला कडेवर घ्यायला हात पुढे केले, तेव्हा रखवालदारानं तिला अडवलं. बाई ओशाळली आणि मागे झाली. मी तिथंच होते. भावानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला रडूच कोसळलं आणि मी भांड्यांच्या मांडणीमागे जाऊन डोळे पुसले.

आमच्याकडची पहिली तीन-चार वर्षं ही त्याच्या आयुष्यातली चांगली वर्षं. यांनी कारखान्यातल्या सुताराकडून त्याच्यासाठी लाकडी पायऱ्या करून आणल्या. बेसिनपाशी एक, संडासात एक, पलंगापाशी एक, खिडकीखाली एक, आणि गाडीत चढायला एक वेगळी, जी डिकीत असायची. घरात जागोजागी त्या पायऱ्या. मी अंधारात ठेच खायची आणि शिव्या घालायची, पण त्या हलवायची नाही. गालावर लव नसताना तो रोज सकाळी साबणाचा फेस लावून दाढी करायचा. कपडे लहान मुलांच्या दुकानातून आणलेले त्याला चालायचे नाहीत. रुवीतल्या एका रत्नागिरीच्या शिंप्यानं त्याला दोन सूट शिवून दिले, आतून अस्तर, आतला खिसासुद्धा. बुटांचा मात्र घोळ व्हायचा. त्याच्या मापाचे बूट मिळायचे ते लहान मुलांचे, टाच आपटली की दिवे लागणारे. तो दिवे काढून टाकायचा आणि वरून काळं पॉलिश चोपडायचा. "मामा, ते लाईटवाले किती cute होते," असं माझी मुलगी म्हणायची. तिचं मराठी तसं धेडगुजरीच. ती पाच वर्षांची झाली आणि त्याच्या दुप्पट दिसायला लागली तेव्हा त्यानं तिला बोलावून सांगितलं की आता तू मोठी झालीस, पण मी मामा आहे. ती पोर शहाणी. तिनं कधी त्याला उचललं नाही.

वर्षातून एकदा अर्बाब त्याला निझव्याला न्यायचा. तिथल्या बाजारात अर्बाबच्या भावाचं दुकान होतं. तिथले म्हातारे आमच्या याला खाली सतरंजीवर आपल्यात बसवत. सगळेच जमिनीवर बसलेले, त्यामुळे तो फारसा वेगळा दिसायचा नाही. पाहुणा म्हणून कॉफीचा पहिला पेला त्याला मिळायचा. कडू कॉफी त्याला आवडायची नाही, पण तो संपवायचा आणि पेला हलवून बस झालं म्हणायला शिकला होता. घरी येऊन आम्हालाही तसा पेला हलवून दाखवायचा. चहा नको असेल तर तोंडानं सांग की रे, असं मी म्हणायची.

पाठ मात्र दुखायला लागली होती. मणके झिजत होते. रात्री शेकायला लागायचं. डॉक्टरनं सांगितलं की हे वाढत जाणार, दुखणं कमी करायच्या गोळ्या घ्या. मी गोळ्यांचं वेळापत्रक सांभाळायची आणि बाकी कशाचा विचार करायची नाही.

मग ती बातमी आली. कुठल्याशा डोंगराळ देशात एक माणूस सापडलाय, भावापेक्षा बुटका. रेकॉर्डवाल्यांनी कळवलं की दोघांचीही मापं नव्यानं घेतली जातील, एकाच पद्धतीनं. त्या दुसऱ्याचं माप घेऊन झालंय, आता तुमचं. फरक अगदी सुतभर असावा असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं.

दुकानात अर्बाबचं बघणं बदललं. एका संध्याकाळी तो आमच्या घरी आला आणि यांच्याशी दार लावून बोलत बसला. मापाची पद्धत अशी की एका दिवसात तीनदा मापायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि तिन्हींचा मध्य काढायचा. कारण माणूस सकाळी उठतो तेव्हा उंच असतो आणि दिवसभर उभा राहिला की मणके दबून संध्याकाळी थोडा कमी होतो. हे अर्बाबला कोणीतरी सांगितलं होतं. मग बेत ठरला. आदल्या दिवसापासून त्याला बसू द्यायचं नाही, निजायचं ते थोडं आणि टेकून. दिवसभर चालवायचं. आणि पाठीवर मुलीचं दप्तर द्यायचं, पुस्तकांनी भरलेलं.

मी यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, अहो, त्याच्या मणक्यांची काय अवस्था आहे ते तुम्हीच डॉक्टरकडून ऐकून आलात ना? लाज वाटत नाही? हे खाली मान घालून म्हणाले की मी नाही सांगितलं, तुझा भाऊच करायचं म्हणतोय. मी भावाच्या खोलीत गेले. तो खिडकीखालच्या पायरीवर उभा होता, आताच सराव करत असल्यासारखा.

"ताई, तू मधे पडू नको," तो म्हणाला. "दोरी आहे ती पहिला आहे म्हणून आहे. उद्या दुसरा झालो की ती दोरी कोण ठेवील? मला परत सगळे उचलायला लागतील. पाठ मोडली तरी चालेल मला."

मी दप्तराच्या पट्ट्या आवळून लहान केल्या आणि खांद्याला काचू नयेत म्हणून खाली टॉवेलच्या घड्या शिवल्या.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका खाजगी इस्पितळात खोली घेतली होती. रेकॉर्डवाल्यांकडून एक परदेशी बाई आली होती, उंच, केस पांढरे, अगदी साधी. सोबत इस्पितळाचा डॉक्टर. सकाळी ती आत आली आणि पहिलं काय केलं असेल, तर सरळ फरशीवर बसली. बसून तिनं त्याच्याशी हात मिळवला आणि इंग्रजीत त्याला सर म्हणाली. माप घ्यायच्या टेबलावर चढायला काय लागेल ते तिनं त्यालाच विचारलं. यांनी गाडीतली पायरी आणली. तो आपला आपण चढला. सकाळचं माप त्या दुसऱ्या माणसापेक्षा थोडं वर होतं, ते अपेक्षितच होतं. दुपारचं खाली आलं. यांचा चेहरा उजळला. अर्बाब बाहेर तसबीचे मणी ओढत बसला होता. म्हणाला, इन्शाल्ला संध्याकाळी होईल.

दुपार ते संध्याकाळ तो इस्पितळाच्या मागच्या व्हरांड्यात दप्तर घेऊन येरझाऱ्या घालत होता. घामानं शर्ट भिजला. मधेच भिंतीला हात टेकायचा आणि परत चालायला लागायचा. मी शेजारून पाण्याची बाटली घेऊन चालत होते. बस म्हटलं तर बसायचा नाही. त्याची पाठ वाकली होती, आणि मला, देवा, त्या वाकलेल्या पाठीचा आनंद होत होता. अशीच राहू दे, अशीच राहू दे, असं मी मनात म्हणत होते.

संध्याकाळी दप्तर उतरवून तो आत गेला. बाई पुन्हा खाली बसली. तिनं सांगितलं, आणि यांनी ते मराठीत सांगितलं, की आता शेवटचं, जेवढं ताठ उभं राहता येईल तेवढं राहा. नियमच तसा होता, सकाळी आणि दुपारीही तिनं तेच सांगितलं होतं. पण तेव्हा तो नुसता उभा राहिला होता. आता काय झालं कोण जाणे. दिवसभर ओझं वाहिल्यावर ती पाठ सुटी झाली म्हणून, की ती बाई त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली म्हणून. त्यानं टाचा जुळवल्या. छाती भरून घेतली. मान वर केली, हनुवटी सरळ, श्वास कोंडला. आईसमोर इतकी वर्षं जसा उभा राहिला तसाच, त्याहूनही ताठ. पाठ दुखत होती हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं, पण तो ताणत राहिला. मी दाराशी उभी होते. माझा जीव ओरडत होता की मूर्खा, सैल सोड, वाक जरा. वाकला असता तरी त्या डॉक्टरनं त्याला सरळ करायला लावलंच असतं, हे मला नंतर कितीतरी जणांनी समजावलं. असेल. पण एवढा ताठ होण्याची काही गरज नव्हती.

पट्टी खाली आली. संध्याकाळचं माप सकाळच्याही वर भरलं. बाईनं पुन्हा एकदा बघितलं आणि डॉक्टरला दाखवलं. मग तिनं हळू आवाजात सांगितलं. सुतभर. सुतभरानं गेलं.

त्यानं खाली उतरून पहिलं काय विचारलं असेल, तर किती भरलो. यांनी आकडा सांगितला. एवढा तो उभ्या जन्मात कधी भरला नव्हता. क्षणभर त्याचा चेहरा खुलला. मग त्याला कळलं. तिथंच फरशीवर बसला आणि पाय पसरून दिले, आणि मी त्याच्या शेजारी बसले. अर्बाब दारातून बघून खलास म्हणाला आणि निघून गेला.

अर्बाब वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं त्याला लगेच काढलं नाही. चौथरा ठेवला, खुर्ची ठेवली. पण जगात पहिला असं लिहिलेली वरची पाटी उतरवली, कारण ती खोटी झाली होती. रखवालदार गोदामावर पाठवला, कारण गर्दी कमी झाली. दोरी काही दिवस होती, मग तीही बॅगांच्या नव्या मालापुढे लावायला नेली. पहिल्याच शुक्रवारी एका माणसानं त्याला फोटोसाठी उचललं. तो नको म्हणाला. हिंदीत म्हणाला, अरबीत म्हणाला. माणूस हसत होता, त्याची बायको कॅमेरा लावत होती. काउंटरवरच्या पोरांनी कानाडोळा केला. संध्याकाळी घरी आला आणि भात पुढे सरकवून दिला. मला कळलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन असा तमाशा केला की अर्बाब ऑफिसातून बाहेर आला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, बहेन, मी तेव्हा लोकांना सांगायचो की हा जगात पहिला आहे, हात लावू नका, आणि लोक ऐकायचे. आता काय सांगू? मी म्हटलं, तो माणूस आहे असं सांगा. अर्बाबनं मान डोलावली, पण काही बदललं नाही.

यांनी त्याला कारखान्यात टेलिफोनवर बसवायचं बघितलं. साहेब म्हणाले, कामगार काम सोडून त्याला बघायला जमतील. गावी जायचं म्हटलं तर तिथं वडीलही राहिले नव्हते, पडवी होती आणि येणारे-जाणारे होते. तो म्हणाला, इथंच बरं. आठवड्यातून काही दिवस दुकानात जायचा, बाकी दिवस पाठ शेकत पडायचा. दाढी करायचं सोडलं. मी दोनदा ब्रशवर साबण लावून पुढे केला, त्यानं तो धुऊन ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात मेळा भरायच्या आधी अर्बाब घरी आला. तो नवा माणूस, जगातला आत्ताचा पहिला, त्यानं मेळ्यासाठी आणवला होता. अडचण एकच होती. तो एकटा बसला की लोकांना त्याची लहान चण कळत नाही, लहान मूल आहे असं वाटतं. शेजारी तुलनेला कोणीतरी हवं. मोठा माणूस शेजारी उभा केला तर फारच मोठा दिसतो. तर आपला हा उभा राहिला तर लोकांना नीट कळेल. याला सगळे ओळखतात.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, चहा प्यायलात ना, आता निघा. पण आतल्या खोलीतून भाऊ बाहेर आला. म्हणाला, जाईन मी. मी त्याला आत नेऊन हाताला धरून विचारलं की तुला वेड लागलंय का, हे कसलं काम, पट्टी म्हणून उभं राहायचं? तो म्हणाला की तिथं दोरी असेल ना. मी म्हटलं, असेल, पण ती त्याच्यासाठी. तो म्हणाला, मी पण आतच असेन.

शुक्रवारी दुपारी हे, मी आणि मुलगी, आम्ही तिघं मेळ्यात गेलो. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. चौथरा तोच, खुर्ची तीच, दोरी नवी आणली होती. खुर्चीवर तो नवा माणूस बसला होता. विशी ओलांडलेला, चेहरा पिकलेला, डोळे घाबरलेले. त्याची भाषा तिथं कोणालाच येत नव्हती, सोबत आलेला माणूस सोडून, आणि तोही बाहेर सिगरेट ओढत होता. माझा भाऊ शेजारी उभा, सूट घातलेला, उंचीत त्याच्याहून सुतभरच जास्त. लोक टाळ्या वाजवत होते. रखवालदार होता, माफी शील म्हणत होता, आणि कोणी दोरीच्या आत आलं नाही. क्षणभर मला वाटलं, चला, निदान एवढं तरी.

मग मागून कोणीतरी ओरडलं की दिसत नाही. आणखी दोघे-तिघे ओरडले. अर्बाब माईकवरून माझ्या भावाला हिंदीत म्हणाला की बाहेरच्या कोणी त्याला हात लावायचा नाही, पण तू आपला आहेस, तू त्याला उचल, सगळ्यांना दिसू दे.

माझ्या हातातली मुलीची बोटं घट्ट झाली. यांनी माझा दंड धरला. भावानं अर्बाबकडे बघितलं, मग गर्दीकडे, आणि मग खुर्चीवरच्या त्या माणसाकडे. तो माणूस काही कळलं नसल्यासारखा हसला. माझा भाऊ वाकला. त्याच्या काखेत हात घातले आणि उचललं. पाठ दुखली असणार, पण त्यानं छातीपर्यंत उचललं आणि वळून सगळ्या बाजूंना दाखवलं. तो नवा माणूस ताठ झाला होता. डोळे गच्च मिटलेले, ओठ घट्ट, एक आवाज नाही. लोकांच्या टाळ्या थांबेनात. मी मुलीला घेऊन बाहेर आले आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

परत येताना भाऊ मागच्या सीटवर बसला होता. मवालेहच्या वळणावर तो म्हणाला, "ताई, मला आजवर वाटायचं की उचलणाऱ्याला आतून काहीतरी वाटत असेल. चांगलं, वाईट, काहीतरी. काहीच वाटत नाही गं."

त्यानं घरी आल्यावर भात वाढून घेतला आणि पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तो दाढी करून, सूट घालून तयार होऊन बसला होता.